नीलक्काची बारा दिवसांची हजेरी

माणसांना एका जागी बसवून ठेवणं हे नीलक्काचं काम होतं, आणि ते किती डोकं उठवणारं काम आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. शाळेतली पोरं परवडली. विद्यापीठाचा कारकून, जो आपल्या टेबलावर दहा ते पाच मान वर करत नाही (असं तोच सांगतो), त्याला प्रशिक्षणाला पाठवलं की तो सुटीवर आल्यासारखा वागायला लागतो. त्याचा पहिला प्रश्न, बॅग कधी मिळणार. दुसरा, बॅगेला चेन आहे की नुसतं बटण. तिसरा, दुपारी गोड काय. एवढी माहिती मिळाली की सही करून तो जो जातो तो थेट सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला, आणि चार वाजता कपाळभर भंडारा लावून परत येतो, बरोबर चहाच्या वेळेला.

अशा लोकांना नीलक्का तेवीस वर्षं पुरून उरली होती. मलप्रभा विद्यापीठाचं कर्मचारी प्रशिक्षण केंद्र म्हणजे ग्रंथालयामागची ती पिवळी दोनमजली इमारत. तिच्या दाराशी टेबल टाकून, समोर हजेरीचं रजिस्टर उघडून ती बसायची. ठेंगणी, सावळी, चष्म्याला दोरी लावलेली, कमरेला एकोणीस किल्ल्यांचा जुडगा. हुद्दा वरिष्ठ सहायक, पण कोर्सला कोणाला बोलवायचं, जेवायला काय करायचं, पाहुण्याला आणायला जीप कुठे पाठवायची, पडद्यावर चित्र का दिसत नाही, हे सगळं तिच्याच गळ्यात. आणि हजेरीचा नियम तिला पाठ. अर्धा तास जागेवर नसलं की त्या अर्ध्या दिवसाला फुली. दोन फुल्या चालायच्या. तिसरी पडली की प्रमाणपत्र नाही, मग तुम्ही कुलगुरूंचे मेहुणे का असेनात. लोक विनवण्या करायचे, चिडायचे, मागून शिव्या घालायचे. ती फुली मारायची आणि पान उलटायची.

या सगळ्यात एकच गोष्ट राहून गेली होती. नीलक्काने स्वतः कधी प्रशिक्षण घेतलं नव्हतं.

अधीक्षक व्हायचं तर बारा दिवसांच्या कार्यालयीन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. तेवीस वर्षांत तिने असे एक्केचाळीस कोर्स पार पाडले, शेकडो लोकांना त्या प्रमाणपत्रावर वर चढताना पाहिलं, आणि दर वेळी संचालक तिच्या अर्जावर बोट ठेवून म्हणायचे, ‘अक्का, तुम्हीच बसलात तर चालवणार कोण?’ दोनदा पदोन्नतीची यादी तिच्या हातून अशी गेली. आता तिसरी यादी होती, आणि निवृत्तीला उरली होती तीन वर्षं. या वेळी तिच्या मागोमाग नाव होतं संगमेश तोरगलचं. तिच्याच कार्यालयातला, तिच्याच हाताखालचा, फाइलीला दोरा कसा बांधायचा इथपासून तिने ज्याला शिकवलं तो संगमेश. त्याने दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षण घेतलं होतं. तिने त्याची हजेरी घेतली होती. म्हणजे ही बसली नाही तर तो अधीक्षक होणार, आणि उरलेली तीन वर्षं नीलक्काने सकाळी उठून त्याच्या टेबलासमोर उभं राहायचं, सही द्या म्हणून.

‘ते काही नाही, या वेळी मी बसणार,’ तिने संचालकांना सांगितलं.

संचालक डॉ. कळकप्पा मेणसगी मुळातले वनस्पतिशास्त्राचे. स्वभावाने गरीब, पण कोणतीही अडचण समोर आली की चष्मा काढून पुसत बसायची सवय. त्यांनी चष्मा काढला.

‘पण मग चालवणार कोण, अक्का?’

‘संगमेश.’

‘संगमेश?’ मेणसगी सरांचा आवाज चिरकला.

‘का सर? उद्या तो अधीक्षक झाला तर त्यालाच चालवायचंय ना? मग आत्तापासून चालवू दे की.’

सरांनी चष्मा पुसून सही केली. बाहेरून आलेल्या अर्जांची तीस नावं होती, खाली पेनाने नीलक्काचं एकतिसावं लिहिलं गेलं. कोर्स शनिवारी संपणार होता, आणि सोमवारी अकराला पदोन्नती समिती. प्रमाणपत्र त्याआधी फाइलीत लागलं पाहिजे.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसला. अडिवेप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. ‘आयुष्यभर मी उभा राहिलो आणि लोक बसले,’ तो म्हणाला. ‘तुझंही तेच झालं. जा, एकदा बसून ये. कसं वाटतं ते मला सांग.’

‘चेष्टा करू नका हो. संगमेशच्या हातात किल्ल्या द्यायच्या म्हणजे माझा जीव खालीवर होतोय.’

‘मग नको देऊ.’

‘मग बसू कशी?’

‘बघ बाई तुझं तूच,’ म्हणून त्याने पेपर उघडला. नवऱ्याकडून याहून जास्त मदत मिळेल अशी तिची अपेक्षाही नव्हती.

पहिला दिवस बरा गेला. नीलक्का तिसऱ्या ओळीत भिंतीकडेच्या खुर्चीत बसली, वही उघडली, तारीख टाकली. पहिलं व्याख्यान वेळेचं नियोजन या विषयावर होतं आणि वक्ते दीड तास उशिरा आले. तिने ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खिडकीत फक्कीरप्पाचं डोकं दिसलं. फक्कीरप्पा म्हणजे केंद्राचा शिपाई, तिच्याच वयाचा, तोंडात सदा पान. त्याने बोटाने खुणावलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. त्याने हात जोडले. मग दारातून संगमेशच आला, घामाघूम, आणि तिच्या खुर्चीशी वाकून कुजबुजला, ‘अक्का, फक्त दोन मिनिटं. पाहुणे हरवलेत.’

‘हरवलेत म्हणजे?’

‘धारवाडहून बसने येणार होते ना, त्यांना आणायला मी जीप पाठवली.’

‘कुठे?’

‘रेल्वे स्टेशनला.’

नीलक्काने त्याच्याकडे पाहिलं. ‘माणूस बसने येतोय, आणि तू जीप रेल्वे स्टेशनला पाठवलीस?’

‘मागच्या वेळी तिथंच पाठवली होती ना.’

‘मागच्या वेळी बाई गुलबर्ग्याहून रेल्वेने आली होती रे बाबा!’

ती उठली. पाहुणे कोणत्या थांब्यावर उतरून ताटकळत असतील हे तिला ठाऊक होतं, म्हणून तीन फोन करून तिने त्यांना बैलहोंगल नाक्यावरच्या मिरची भज्यांच्या गाड्यावरून शोधून काढलं, संतापलेल्या माणसाला गोड बोलून रिक्षात बसवलं, आणि परत येऊन पाहते तर घड्याळात पन्नास मिनिटं गेलेली. संगमेशने रजिस्टर पुढे केलं. ‘सही करा अक्का. तुम्ही कामालाच गेला होता की.’

खरं सांगायचं तर तिथे सही करायला हरकत नव्हती. कोण बघणार होतं? पण तिने पेन उचललं आणि स्वतःच्या नावापुढे फुली मारली. तेवीस वर्षं दुसऱ्यांना मारली, मग आता स्वतःला का सोडायचं, असं ती मनात म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला. इतकं सरळ वागून कोणाचं भलं झालंय?

पाचव्या दिवशी किल्ल्या. तिने संगमेशला जुडगा देताना प्रत्येक किल्लीला दोऱ्याने चिठ्ठी बांधून दिली होती, कोणती कशाची. शुक्रवारी दुपारी संगणक खोलीचं दार उघडेना. तीस माणसं बाहेर व्हरांड्यात उभी, शिकवायला आलेली बाई घड्याळाकडे पाहतेय, आणि संगमेश एकामागून एक किल्ली लावतोय.

‘चिठ्ठी बघ की रे!’ नीलक्का मागून ओरडली.

‘चिठ्ठ्या काढून टाकल्या, अक्का.’

‘का?’

‘फार गबाळं दिसत होतं.’

तिने डोळे मिटून घेतले. राग गिळायला तिला तेवढा वेळ लागला. तिच्या हातात जुडगा आल्याबरोबर दार उघडलं, पण आत वीज नव्हती, विजेच्या कपाटाची किल्ली वेगळी, आणि ते कपाट खालच्या मजल्यावर जुन्या बाकांच्या मागे, हे जगात तिलाच माहीत. बाक सरकवायला माणसं बोलवा, बटण दाबा, वर या, मशिनं सुरू होतात का बघा. तोपर्यंत बाईंनी फळ्यावर शिकवायला सुरुवात केली होती आणि हजेरी होऊन गेली होती. चाळीस मिनिटं. दुसरी फुलीही तिनेच मारली.

तिला कधीकधी वाटायचं, हा मुद्दाम तर करत नाही? लबाडी असती तर बरं झालं असतं. चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण संगमेशचा चेहरा बघितला की तो खरोखरच घाबरलेला असायचा, शर्ट पाठीला चिकटलेला, खिशात नको तितक्या चिठ्ठ्या. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, आणि न रागवता राहायचं तरी कसं!

रविवारी घरी तिने मनाशी पक्कं केलं. आता उठायचं नाही. इमारत जळाली तरी नाही.

सोमवारी ताणमुक्तीचं सत्र होतं. पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत होते. नीलक्काने डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर, आणि खिडकीतून फक्कीरप्पाचा आवाज, ‘अक्का, आचारी विचारतोय, उद्या सकाळी इडली की उप्पीट?’

‘उप्पीट,’ ती डोळे न उघडता म्हणाली.

‘मग रवा संपलाय म्हणतोय.’

‘मग इडली.’

‘तांदूळ भिजवले नाहीत म्हणतोय.’

‘मग फक्कीरप्पा, मला काय विचारतोस, माझं डोकं शिजवा!’

अख्ख्या हॉलने डोळे उघडले. पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ अत्यंत शांत आवाजात म्हणाले, ‘बाई, आपल्याला या सत्राची सगळ्यात जास्त गरज आहे.’ लोक हसले. नीलक्काला रडू आलं असतं, पण तिने ओठ आवळून श्वासाकडे लक्ष दिलं.

त्या दुपारपासून ती खिडकीपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत बसायला लागली. तरी संगमेशच्या चिठ्ठ्या येतच राहिल्या, ओळीतून हातोहात. तिने त्या न वाचता वहीखाली सारायला सुरुवात केली. परिणाम व्हायचा तो झाला. मंगळवारी चहा आला नाही. बुधवारी जेवण पावणेतीनला आलं, आणि आलं तेव्हा भाकरी होती, भाजी नव्हती. लोकांनी शेंगाच्या चटणीशी भाकरी खाल्ली आणि तक्रारीही केल्या. त्या कोणाकडे? अर्थात नीलक्काकडे. परीक्षा विभागातले बाळेकुंद्री, जे तीन कोर्सना नाव देऊन पळून गेले होते आणि चौथ्याला कसेबसे टिकले होते, ते ताट हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

‘काय हे अक्का, या वेळी व्यवस्थेत काही दम नाही.’

‘मीपण तुमच्यासारखीच शिकायला आलेय हो.’

‘असं कसं? तुम्ही असताना असं व्हायला नको.’

ती असताना असं व्हायला नको. ती नव्हती म्हणून असं झालं, हे या माणसाच्या ध्यानातही येत नव्हतं. ती समोर बसली होती ना, मग झालं! तेवीस वर्षं जेवण वेळेवर येत होतं, वीज चालत होती, पाहुणे हरवत नव्हते, ते जणू आपोआप. आता कुठे तिला कळलं की हे लोक तिला कधी पाहतच नव्हते. तिने ताटातली भाकरी मोडली आणि चटणीला लावली.

गुरुवारी फाइल व्यवस्थापनावर बोलायला एक निवृत्त उपकुलसचिव आले. त्यांच्या हातात एक जुनी, कोपरे दुमडलेली पुस्तिका होती. दुसऱ्या वाक्यालाच नीलक्काने कान टवकारले. ते वाक्य तिचं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या संचालकांनी सांगितलं म्हणून तिने रजेचे पंधरा दिवस खर्चून लिहिलेली पुस्तिका. वर नाव घातलं नव्हतं, कारण घालावं असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पुढे तिच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या, कुठेतरी पानं मागेपुढे टाचली गेली, आणि सगळ्या जिल्ह्यात तीच उलटी प्रत पसरली. साहेब ती जशीच्या तशी वाचत होते. आधी त्यांनी जुनी फाइल नष्ट कशी करायची ते सांगितलं, मग ती कपाटात कशी लावायची, आणि शेवटी नवी फाइल कशी उघडायची. तीस माणसं खाली मान घालून लिहून घेत होती.

नीलक्काने हात वर केला.

‘प्रश्न शेवटी, बाई.’

‘प्रश्न नाही सर. पानं मागेपुढे झालीत. नववं पान आधी पाहिजे.’

‘हे बघा,’ साहेब पुस्तिका उंचावून म्हणाले, ‘ही फार जाणकार माणसाने लिहिलीय. त्याने काहीतरी विचार करूनच हा क्रम लावला असणार.’

तिला सांगावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले. पण बाजूच्या बाईने ‘बसा हो, उगीच वेळ वाढवतात मग’ असं म्हणून पदर ओढला, आणि ती बसली. घरी जाऊन तिने भांडी इतकी आपटली की अडिवेप्पा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

शुक्रवारी, अकराव्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुटीत खुद्द मेणसगी सर तिच्याजवळ आले. मागे संगमेश, हातात जाड कागदांचा गठ्ठा.

‘अक्का, सुटी आहे म्हणून विचारतो. एवढं एक काम.’ सर चष्मा पुसत होते. ‘प्रमाणपत्रांवर नावं घालायचीत. संगमेशने एक घालून बघितलं.’

त्यांनी ते दाखवलं. शाई पसरून नावाची माशी झाली होती.

आमच्या विद्यापीठात प्रमाणपत्रावरचं नाव अजूनही हाताने लिहितात. मशीनवर छापलेलं नाव लोकांना खोटं वाटतं. आणि ते हाताने लिहायचं म्हणजे नीलक्कानेच, काळ्या शाईत, रुंद टोकाच्या पेनाने, गोल टपोरं कानडी अक्षर. कुठल्याही विभागात भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र बघा, तिचंच अक्षर. सुटीत उठायला हरकत नव्हती, फुली पडणार नव्हती. शिवाय उद्या त्या माशीसारख्या नावाचे कागद वाटले गेले तर केंद्राची अब्रू जाणार.

‘आणा इकडे,’ ती म्हणाली. ‘यादी द्या, आणि मला कोणी हाक मारू नका.’

संगमेशने यादी दिली. जेवणाची सुटी, दुपारच्या चहाची सुटी आणि पाचनंतरचा तास, एवढ्यात तिने काम संपवलं. प्रत्येक नाव लिहून झालं की ती यादीत खूण करायची, कागद वाळत ठेवायची. शेवटचं झालं तेव्हा हात दुखत होता, पण मन अकरा दिवसांत पहिल्यांदा शांत होतं. दोन फुल्यांवर निभावलं होतं. उद्याचा एक दिवस.

शनिवारी सकाळी संगमेशने तिला दारात गाठलं. डोळे तांबारलेले.

‘अक्का, तुम्ही अधीक्षक व्हा बाई लवकर. मला नको ते. बारा दिवसांत मी अर्धा झालोय.’

‘अजून संध्याकाळ व्हायचीय,’ ती म्हणाली, पण तिला बरं वाटलं. त्याच्या पाठीवर एक थाप मारून ती आत जाऊन बसली.

समारोप चारला. कुलसचिव प्रमुख पाहुणे. त्यांना साडेपाचच्या गाडीने बेंगळुरूला जायचं होतं, आठवडाभर परतणार नव्हते, म्हणून त्यांनी आल्या आल्या संचालकांच्या खोलीत बसून सगळ्या कागदांवर सह्या केल्या होत्या. स्वागत झालं, हार झाले. हार एक कमी आला होता, संगमेशने स्वतःसाठी आणलेला गुलाब त्या जागी खपवला. कुलसचिव बोलले. शिकण्याला वय नसतं वगैरे. मग नावं पुकारायला सुरुवात झाली. नीलक्का ताठ बसली होती. पदर नीट केला. नवरा सकाळी म्हणाला होता, फोटो काढून आण, आणि तिने त्याला झिडकारलं होतं, पण मोबाइल तिने बाजूच्या बाईकडे देऊन ठेवला होता.

एकेक जण वर जात होता. बाळेकुंद्री गेले तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

संगमेश माइकसमोर उभा राहून रिकाम्या हातांकडे पाहत होता. मग त्याने टेबलावरचे फुलांचे हार उचलून पाहिले. मग टेबलाखाली वाकला.

‘काय झालं?’ मेणसगी सरांनी विचारलं.

‘सर, एक सापडत नाही. अक्कांचं.’

‘हरवलंस?’ सरांचा आवाज माइकमधून सगळ्या हॉलभर गेला. ‘संगमेश, एक काम तरी धड कर रे! बारा दिवस बघतोय मी!’

संगमेश टेबलाखालीच राहिला. कोणीतरी हसलं. आणि नीलक्का बसल्या जागी गार पडली, कारण ते कुठे आहे हे तिला कळलं होतं. कुठेही नव्हतं. काल संगमेशने दिलेली यादी छापील होती, बाहेरून आलेल्या तीस जणांची. पेनाने घातलेलं एकतिसावं नाव त्या प्रतीवर नव्हतं. आणि तिने तीस नावं लिहिली, तीस खुणा केल्या, तीनदा मोजली, तीस भरली म्हणून समाधानाने पेनाला टोपण लावलं. आपण एक राहिलोय हे तिच्या मनाला शिवलंही नाही. बारा दिवस ती जगावर चिडली होती. संगमेशवर, सरांवर, आचाऱ्यावर, त्या उलट्या पुस्तिकेवर. आता चिडायला कोणी शिल्लक नव्हतं.

गप्प राहिली असती तर दोष संगमेशच्या माथी बसला असता. सगळ्यांनी ते धरलंच होतं. पण शोधाशोधीत कुलसचिव गाडीला निघून गेले असते आणि प्रमाणपत्र मिळालं नसतं.

ती उठली. हॉलच्या मधून चालत मंचापाशी गेली.

‘त्याने हरवलं नाही, सर. मी लिहिलंच नाही.’

‘म्हणजे?’

‘माझं नाव घालायचं राहिलं. माझ्याच हातून.’

मेणसगी सरांनी चष्मा काढला. कुलसचिवांनी घड्याळ पाहिलं. टेबलाखालून संगमेश बाहेर आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला योग्य वेळी योग्य गोष्ट सुचली. त्याने संचालकांच्या खोलीकडे धाव घेतली आणि छापखान्यातून जास्तीचे आलेले कोरे कागद घेऊन आला. एक टेबलावर ठेवला. शाईचं पेन उघडलं आणि नीलक्कापुढे धरलं.

‘लिहा अक्का, पटकन. साहेब सही करतील.’

‘हो हो, लिहा की,’ मेणसगी सर म्हणाले. ‘तुमच्या अक्षराची सर कोणाला आहे?’

तिने हात पुढे केला. नेहमीसारखा आपोआप गेला तो. मग तिने तो मागे घेतला.

‘नाही सर. माझं मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा.’

‘मी? माझं अक्षर...’

‘असू दे कसंही. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते दुसऱ्याच्या हातून मिळालंय.’ तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. ‘मलापण मिळू दे एकदा.’

सरांनी पेन घेतलं, कागद पुढे ओढला, चष्मा नाकावर चढवला. ‘श्रीमती’ एवढं लिहिलं. मग ते थांबले. पेन कागदावर अधांतरी. त्यांनी संगमेशकडे पाहिलं, संगमेशने फक्कीरप्पाकडे, फक्कीरप्पाने छताकडे. चार वर्षं एका इमारतीत काढली होती त्यांनी. दिवसातून पन्नासदा हाक मारली होती.

‘अक्का,’ सर शक्य तितक्या हळू म्हणाले, पण माइक समोरच होता, ‘तुमचं पूर्ण नाव काय हो?’

ती सांगणार होती. ओठ उघडलेही होते.

‘रजिस्टरमध्ये आहे,’ ती म्हणाली. ‘काढून बघा.’

आणि ती आपल्या खुर्चीत परत जाऊन बसली. संगमेश रजिस्टर आणायला पळाला. कुलसचिव पुन्हा घड्याळ बघत होते. त्यांना म्हणावं थांबा दोन मिनिटं. सरांनी रजिस्टरचं पान शोधलं, एकतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखं बघून बघून एकेक अक्षर उतरवलं. कुलसचिवांनी सही केली. संगमेशने माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि मोठ्याने पुकारलं, ‘श्रीमती नीलगंगा अडिवेप्पा बेटगेरी!’

ती पुन्हा उठून गेली, सगळ्यांसारखी, टाळ्यांमधून. कागद हातात आला तेव्हा तिने तो जवळ धरून वाचला. नाव ओळ सोडून वर चढलं होतं, शेवटचं अक्षर कडेला कोंबलेलं, आणि मध्ये एक डाग. इतकं वाईट अक्षर तिने आजवर एकाही प्रमाणपत्रावर जाऊ दिलं नव्हतं. तिने ते दोनदा वाचलं, वाळेपर्यंत तसंच आडवं हातात धरून ठेवलं, आणि कुणालाही पुसू दिलं नाही.